पाटीवर रस्त्याचं नाव काय लिहायचं?

सेक्रेटरी: पेंटर आपल्या सोसायटीच्या गेटवर शिडी लावून उभा आहे. नव्या पाटीवर 'डॉ. भडकमकर मार्ग' की 'लॅमिंग्टन रोड'? पटकन सांगा, त्याला पुढे दुसरं काम आहे.

३०२: लॅमिंग्टन रोड! परवा माझं पार्सल परत गेलं. कुरिअरवाला म्हणतो, मॅडम, भडकमकर कुठे आलं, मी तर लॅमिंग्टन रोडला आहे. आपल्याच गेटसमोर उभा होता 🤦‍♀️

७०४ काका: साहेब जाऊन ७५ वर्षं होऊन गेली, तरी साहेबाचंच नाव? सरकारी कागदावर भडकमकर मार्ग आहे, तेच लिहा.

६०१ ज्युनियर: लॅमिंग्टन कोण पण? मला वाटायचं कॉम्प्युटरची कंपनी 😄

७०४ काका: मुंबईचा गव्हर्नर, १९०३ ते १९०७. ग्रँट रोडचा ग्रँटही गव्हर्नरच, सँडहर्स्टही. आपापसात रस्ते वाटून घेतले लेकाच्यांनी.

५०१ काकू: माझी लेक ब्रिस्बेनला आहे. तिथे बेकरीत 'लॅमिंग्टन' मिळतो. स्पंज केकचा चौकोनी तुकडा, चॉकलेटात बुडवून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवलेला. हाच बुवा! इथे यायच्या आधी तो क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता. मी तिला म्हटलं, आम्ही ज्याच्यावर राहतो त्याला तुम्ही खाता.

२०३ आजी (नातू टाइप करतोय): साहेब नंतरचे. गिरगावात आधी झाडं होती. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, नुसती नावं घेतली तरी बाजाराची पिशवी भरते. मुगभाट, बोरभाट यातलं भाट म्हणजे माडांची बाग, गोव्यात अजून म्हणतात. आणि पायधुणीला खाडी ओलांडून आलेली माणसं पाय धूत.

६०१ ज्युनियर: मग चर्नी रोडला काय, गुरं चरायची?

२०३ आजी: हो रे. १८३८ साली सरकारने मैदानात गुरं चारायला पैसे लावले. तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी २०,००० रुपये मोजून ठाकूरद्वारजवळचं कुरण घेतलं आणि गुरांना फुकट चरू दिलं. चर्नी नाही, चरणी म्हण.

७०४ काका: ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांच्या वस्तीवरून नाव पडलं, असंही सांगतात हं आजी.

२०३ आजी: सांगू देत. (आजी चहा घ्यायला गेली.)

७०४ काका: क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे रोड झालाच ना? गिरगाव रोडलाही जगन्नाथ शंकरशेटांचं नाव दिलं.

३०२: आणि आपण म्हणतो 'जेएसएस रोड'. त्यात नाना शंकरशेट कुणाला दिसतात, काका? सरदार वल्लभभाई पटेलांचाही 'एसव्हीपी' केलाय. उद्या भडकमकरांचं 'डीबी' होईल.

७०४ काका: ...हे मात्र खरं.

सेक्रेटरी: पेंटरने तुमची वाट न बघता 'डॉ. भडकमकर मार्ग' रंगवून टाकलंय. खाली 'लॅमिंग्टन रोड' लिही म्हटलं, तर जागा उरलीय फक्त 'लॅमिं' पुरती.

३०२: लिहू दे. कुरिअरवाल्याला तेवढं पुरतं.