मदत हवी आहे: कार्बोनिक अॅनहायड्रेज-२ चे डॉकिंग स्कोअर आणि आयसी-५० जुळत नाहीत

संत्रा_बर्फी: एम.फार्म.चा प्रकल्प, नागपूर. कार्बोनिक अॅनहायड्रेज-२ हे जस्त असलेलं एन्झाइम, ते रोखणारे १४ सल्फोनामाइड रेणू. डॉकिंग (रेणू एन्झाइमच्या खाचेत कसा बसेल याचा संगणकी अंदाज) ऑटोडॉक व्हिना सॉफ्टवेअरने, पेटी २२×२२×२२ अँगस्ट्रॉम, एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून करायचा) ८. सगळे स्कोअर −६.१ ते −६.९ किलोकॅलरी प्रति मोलमध्येच अडकलेत (जितका ऋण तितकी पकड घट्ट). मोजलेले आयसी-५० (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी रेणूची तीव्रता) २० ते ९० नॅनोमोलर. मेळ नाहीच, उलट जो रेणू मोठा तो वर. एक्झॉस्टिव्हनेस ३२ करूनही ढिम्म फरक नाही. गाईड म्हणतात एफईपी (दोन रेणूंच्या बंधऊर्जेतला फरक काढणारं जड सिम्युलेशन) करा. आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्ड एकच आहे. करू का?

तर्री_पोहे: एफईपी राहू द्या, आधी एन्झाइमच्या खाचेतलं जस्त बघा. सल्फोनामाइड तिथे प्रोटॉन सोडून ऋणभारित होऊन बसतं. त्याचा नायट्रोजन जस्तापासून साधारण २ अँगस्ट्रॉमवर हवा. तुमच्या पोझमध्ये (डॉकिंगने दिलेल्या मांडणीत) किती येतंय? व्हिना भार बघतच नाही, धातूला हायड्रोजन-दाता समजतो. म्हणून पीडीबीक्यूटी फाईल (व्हिनाला दिलेली रेणूची फाईल) उघडून पाहा: नायट्रोजनचा प्रकार 'एन' असेल तर जस्ताशी बंध मोजलाच जात नाही, 'एनए' (हायड्रोजन-स्वीकारक) हवा. त्यापेक्षा व्हिना १.२ मध्ये ऑटोडॉक४-झिंक (जस्तासाठी खास केलेली स्कोअर पद्धत) वापरा. जस्ताला धरणाऱ्या हिस्टिडीन ९४, ९६, ११९ चा कोणता नायट्रोजन जस्ताकडे आहे तेही तपासा. प्रोटॉन भलतीकडे लागला की सगळं बिघडतं.

संत्रा_बर्फी: अंतर ३.६! १४ पैकी ९ पोझमध्ये सल्फोनामाइड बाहेर तोंड करून आहे.

झिरो_माइल: मग ते स्कोअर टाकून द्या. पण खरी गोची पुढे आहे. २५ अंशाला दहापट फरक म्हणजे १.३६ किलोकॅलरी प्रति मोल. २० ते ९० म्हणजे साडेचारपट, जेमतेम ०.९. डॉकिंगची चूक सहज २ च्या वर जाते. तुमचा विदाच इतका चिंचोळा आहे की पोझ सुधारली तरी क्रम लागायचा नाही. दोन्ही टोकांना ओळखीचे रेणू घ्या: अॅसिटाझोलामाइड, १० नॅनोमोलरच्या आसपास, आणि साधं बेन्झिनसल्फोनामाइड, मायक्रोमोलरच्या घरात. हे दोन वेगळे पडले नाहीत तर बाकीच्यांत डोकं घालू नका.
आणि हो, चाचणीत एन्झाइम किती घेतलं होतं?

संत्रा_बर्फी: ३५ नॅनोमोलर.

झिरो_माइल: हेच! आयसी-५० एन्झाइमच्या निम्म्याखाली जातच नाही, म्हणजे १७.५ हा तळ. तुमचे २०-२५ वाले रेणू त्या तळाला टेकलेत. खरा केआय (रेणूच्या पकडीचं खरं माप) २ असेल की ७, आयसी-५० वरून कळणार नाही. मॉरिसन समीकरणाने (ते एन्झाइमची मात्राही हिशेबात धरतं) वक्र पुन्हा बसवा.

तर्री_पोहे: त्यानंतर एफईपी केलंत तर तेही फक्त एकाच सांगाड्याच्या रेणूंमध्ये, जस्ताची चूक दोन्हीकडे बरीचशी सारखी असते, वजाबाकीत जाते. भार बदलणारी जोडी टाळा. १२ लॅम्डा (एका रेणूतून दुसऱ्यात जायचे टप्पे), प्रत्येकी ५ नॅनोसेकंद, संकुलात (एन्झाइमला चिकटलेला) आणि नुसत्या पाण्यात, तीनदा. तीन रेणूंचं चक्र पूर्ण करून बेरीज शून्याजवळ येते का बघा. १ किलोकॅलरी प्रति मोलच्या वर गेली तर सॅम्पलिंग कमी पडलंय. मे महिन्यात कार्ड ३५० वरून २५० वॉटवर आणा, कूलरची ओली हवा थेट मशीनवर नको. ग्रोमॅक्स (सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहितो. वीज गेली की 'सीपीआय' देऊन तिथूनच पुढे.