रोख संपली? बुधवारच्या बाजारात येऊन बघा

कोणीतरी म्हटलंय की रोख आता इतिहासजमा झाली. मला अर्धंच पटलं. नाशिकला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुड्यांशेजारीही क्यूआर कोड टेकवून ठेवलेला असतो, हे खरं. पण आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींचा कोड मुलाच्या खात्याचा. पैसे आल्याचा मेसेज त्याच्या फोनवर, आणि तो दिवसभर कामावर. पैसे आले की मोठ्याने सांगणारा डबा (साउंडबॉक्स) घ्यावा तर त्याला महिन्याचं भाडं. म्हणून त्या म्हणतात, "दादा, सुटे असतील तर सुटेच द्या, संध्याकाळी हातात काहीतरी राहतं."

आकडेही गंमतशीर आहेत. नोटाबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, देशात साधारण १८ लाख कोटींचं चलन होतं. मार्च २०२४ मध्ये ३४ लाख कोटींच्या वर. गल्ल्यातली रोख घटली, कपाटातली वाढली असा माझा अंदाज (आईचा डाळीचा डबा धरून).

टॅप करायच्या कार्डाचं म्हणाल, तर पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंतची सोय २०२१ पासून आहे. मी ते कॉलेज रोडच्या पलीकडे कधी वापरलेलं नाही. जुन्या नाशकातल्या भद्रकालीत कार्ड काढलं तर दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग भिंतीवरच्या कोडकडे बोट दाखवतो.