नकली पाकिटांवरही आमच्यासारखीच शाई चमकते. जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत आमचं घरगुती मसाल्यांचं काम आहे. सासूबाईंनी सुरू केलं, आता मी आणि जाऊबाई बघतो. दिवाळीपासून इथल्या सियागंज बाजारात आमच्या नावाचा नकली गोडा मसाला येतोय. एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी फोन करून विचारलं, "सूनबाई, दगडफूल टाकायचं सोडलंत का?" फार लागलं ते.

मग खोक्यावर अदृश्य शाईचा शिक्का मारू लागलो, ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली हिरवा दिसणारा. दोन महिन्यांत नकली खोक्यांवरही तसाच शिक्का! शाई बाजारात कुणालाही मिळते. शिवाय पुठ्ठा शुभ्र दिसावा म्हणून त्यात जे रसायन असतं, ते टॉर्चखाली निळसर उजळतं आणि शिक्का त्यात बुडतो. नोटेचा कागद तसा उजळत नाही, म्हणून तिच्यावरचे आकडे उठून दिसतात.

यटर्बियम आणि एर्बियम या दुर्मिळ धातूंची पूड ९८० नॅनोमीटरच्या अवरक्त (इन्फ्रारेड) लेझरच्या प्रकाशात हिरवी चमकते आणि पुठ्ठा काळाच राहतो, असं वाचलं. पण तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नकळत डोळ्यांना इजा होऊ शकते. दुकानदाराच्या हाती असली वस्तू द्यायला माझं मन धजत नाही.

दुसरा विचार असा. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट ही अंधारात चमकणाऱ्या स्टिकरांतली पूड मोबाइलच्या फ्लॅशनंतरही अंधारात चमकत राहतं, साधी शाई लगेच विझते. वेगवेगळ्या वेळी विझणाऱ्या दोन-तीन पुडी आपल्याच प्रमाणात मिसळल्या तर? मसाल्याचे जिन्नस सगळ्यांना माहीत असतात, प्रमाण घरचं असतं. पण छापताना हे प्रमाण दर खेपेला तेच राहील का? आणि विझण्याचा वेग साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजता येईल का?

आणखी एक अडचण. मे महिन्यात गोदाम तापतं, मसाल्याचा वास उडतो. एर्बियमच्या चमकेतल्या ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरच्या दोन हिरव्या रेषांच्या तेजाच्या गुणोत्तरावरून तापमान कळतं, पण ते त्या क्षणाचं. मला झालेली तापणूक लक्षात ठेवणारं काही हवंय.

इथल्या राजा रामण्णा या सरकारी संशोधन केंद्रात लेझरचं काम चालतं. तिथलं कुणी वाचत असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद: ताई, तापणुकीसाठी वेगळी पट्टी लावा. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात चमकणाऱ्या रंगाचे रेणू सुटे अडकवलेले असतात. पापुद्रा मऊ पडेल इतका तापला की ते एकत्र येतात, चमकेचा रंग बदलतो आणि गार झाल्यावरही परतत नाही. तुमचं गोदाम दुपारी किती अंशांपर्यंत जातं? त्यावर प्लास्टिक कुठलं ते ठरेल.