बीनपॉट बघायला जायचं आहे: कॉलेजचे कोणते खेळाडू पुढे टिकतात?

श्रूजबरीची आई

नमस्कार मंडळी. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो. मुलगी सहावीत आहे आणि गावच्या आईस हॉकी टीममध्ये गोली (गोलरक्षक) म्हणून खेळते. येत्या फेब्रुवारीत तिला बीनपॉट (बॉस्टन भागातल्या चार कॉलेजांची हॉकी स्पर्धा) दाखवावं असं माझ्या मनात आहे. नवऱ्याचं म्हणणं, त्यापेक्षा बॉस्टनच्या व्यावसायिक टीमची, ब्रुइन्सची, एक मॅच बघू, कॉलेजच्या मुलांचं काय बघायचं? मला कॉलेजच्या मॅचचं वातावरण, तो बँड, ती आरडाओरड फार आवडते, पण खेळातलं बारीक काही कळत नाही. म्हणून विचारते. कॉलेजात गाजणारे खेळाडू पुढे एनएचएल या व्यावसायिक लीगमध्येही गाजतात का? आणि मुलीला नेमकं कुणाकडे बघायला सांगू?

मेरिमॅककाठ

ताई, बीनपॉटलाच न्या. ब्रुइन्स ऑक्टोबरपासून बॉस्टनच्या गार्डन स्टेडियममध्ये आहेतच. बीनपॉट म्हणजे फेब्रुवारीचे पहिले दोन सोमवार, बस. बीयू (बॉस्टन युनिव्हर्सिटी), बीसी (बॉस्टन कॉलेज), हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न, चारही आपल्या परिसरातल्या, आणि १९५२ पासून हे चालू आहे. शेजारच्या कॉलेजकडून हरण्याचं दुःख कसं असतं ते तिथे मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मी मूळचा खडकीचा, त्यामुळे हॉकी म्हटलं की मैदान आणि धनराज पिल्ले एवढंच डोक्यात होतं. लोवेलला आल्यावर बर्फावरची हॉकी बघायला लागलो आणि कॉलेजच्याच मॅचेसवर वाढलो. त्यातून माझं एक पक्कं मत झालंय: कॉलेज हॉकी पहिल्या नंबरच्या मुलांसाठी बघायचीच नाही. ती बघायची उशिरा पिकणाऱ्यांसाठी.

उदाहरण देतो. मॅक्लिन सेलेब्रिनी बीयूला एकच वर्ष होता, २०२३-२४ मध्ये. ३८ सामन्यांत ६४ पॉइंट, म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास मिळून. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा होबी बेकर पुरस्कार त्याने सतराव्या वर्षी घेतला, एवढ्या लहान वयात आजवर कुणी घेतला नव्हता. त्याच उन्हाळ्यात सॅन होजेने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलच्या टीम आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या नंबरवर उचललं. विलक्षण मुलगा आहे. पण तो बीयूऐवजी कुठेही खेळला असता तरी तिथेच पोचला असता. त्याच टीममध्ये लेन हटसन नावाचा डिफेन्समन होता. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, म्हणून २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ६१ मुलं निवडून झाल्यावर मॉन्ट्रियलने त्याचं नाव घेतलं. समोरून दोघं अंगावर आले की तो खांद्याने डावीकडे जायचा आणि पायाने उजवीकडे. दोन वर्षं बीयूला राहून त्याने हेच घोटलं. २०२५ साली नवोदितांच्या कॅल्डर पुरस्कारासाठी शेवटच्या तिघांत सेलेब्रिनी आणि हटसन दोघंही होते. मिळाला हटसनला.

आता तुमची लेक गोली आहे म्हणून मुद्दाम कॉनर हेलेबकबद्दल सांगतो. २०१०-११ मध्ये आमच्या यूमास लोवेलने (मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीची लोवेल शाखा) सगळ्या सीझनमध्ये पाच सामने जिंकले होते. मग इथलेच जुने खेळाडू नॉर्म बेझिन कोच म्हणून आले आणि टीम बदलली. २०१२ च्या शरदात हा मिशिगनचा मुलगा आला, तोही टेक्सासमधल्या ओडेसाच्या ज्युनिअर टीमकडून. ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १३० वा. अशा मुलाची कुणी वाट बघत नसतं. मी त्याला लोवेलच्या सॉन्गस सेंटरमध्ये बघितलंय. बाकीचे गोली झेपावतात, आडवे पडतात, लोक टाळ्या वाजवतात. हा झेपावतच नसे. पक (खेळातली रबरी चकती) निघायच्या आधीच तो जागेवर पोचलेला असे आणि पक छातीवर येऊन तिथेच थांबे. रिबाउंड नाही, गोंधळ नाही. २०१३ मध्ये लोवेल पहिल्यांदा फ्रोझन फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चौघांत पोचलं आणि पिट्सबर्गला येलकडून ओव्हरटाइममध्ये हरलं. सलग दोन वर्षं आम्ही हॉकी ईस्ट, म्हणजे आमच्या भागातल्या कॉलेजांची लीग, जिंकलो. पुढे विनिपेगकडून त्याने २०२०, २०२४ आणि २०२५ अशी तीनदा सर्वोत्तम गोलीची व्हेझिना ट्रॉफी घेतली, आणि २०२५ ला साऱ्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफीसुद्धा. त्याआधी गोलीला हार्ट मिळाली होती ती २०१५ मध्ये, कॅरी प्राइसला.

हे कॉलेजात का घडतं? कॅनडाच्या मेजर ज्युनिअरमध्ये, म्हणजे कॉलेजला न जाता १६ ते २० वर्षांची मुलं खेळतात त्या लीगमध्ये, सीझनला साधारण ६८ सामने असतात आणि बसचे लांबलांब प्रवास. कॉलेजात त्याच्या निम्मेच, बहुतेक शुक्रवारी-शनिवारी. उरलेला आठवडा सराव आणि जिम. ज्याचं अंग अजून भरायचं आहे, ज्याची उंची कमी आहे, ज्याला अठराव्या वर्षी कुणी विचारलं नाही, त्याला हा वेळ मिळतो. व्हरमाँटचे मार्टिन सेंट लुईस आणि टिम थॉमस एकाच टीममधले. सेंट लुईसला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही, आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. थॉमस नवव्या फेरीतला, फिनलंडपर्यंत भटकून आला आणि ३७ व्या वर्षी, २०११ साली, ब्रुइन्सना स्टॅन्ली कप मिळवून दिला. हे तुमच्या यजमानांना नक्की सांगा!

आणि जॉनी गोड्रो. चौथ्या फेरीतला, किरकोळ अंगाचा, बीसीचा. २०१४ मध्ये ४० सामन्यांत ८० पॉइंट आणि होबी बेकर. तो आदल्या वर्षीच प्रो होऊ शकला असता, पण धाकटा भाऊ मॅथ्यू बीसीला येत होता, त्याच्याबरोबर एक वर्ष खेळायला मिळावं म्हणूनही तो थांबला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू जर्सीत सायकलवर असताना गाडीने उडवलं आणि दोघंही भाऊ एकदमच गेले. ते एक जास्तीचं वर्ष त्यांना मिळालं याचं मला फार बरं वाटतं. कॉलेज हॉकीवर माझा जीव का आहे, असं कुणी विचारलं की मी गोड्रो बंधूंचं नाव घेतो.

टोरोंटोचा बाळ्या

मेरिमॅककाठ, छान लिहिलंत. पण कॉलेजचं कौतुक जरा जास्तच होतंय. क्रॉस्बी रिमूस्कीला खेळला, मॅकिनन हॅलिफॅक्सला, मॅकडेव्हिड ईरीला. तिघंही मेजर ज्युनिअरचे, कॉलेजचं तोंडही न बघितलेले. ६८ सामन्यांची सवय झालेल्या मुलाला एनएचएलचे ऐंशीहून जास्त जड जात नाहीत. आणि कॉलेजचा एवढा गाजावाजा झालेला जॅक आयकेल बफेलोला गेला तर त्याच्या तिथल्या सगळ्या काळात टीमला एकदाही प्लेऑफ दिसलं नाही. निवडक नावं घेतली की कुठलीही बाजू जिंकते.

सेंट पॉलची मीरा

आमच्याकडे मिनेसोटात हा वाद १९८० लाच संपला. लेक प्लॅसिडला ज्या टीमने सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं तिचे कोच हर्ब ब्रूक्स आमच्या युनिव्हर्सिटीचे, आणि ती सगळी कॉलेजचीच मुलं होती.

पण मला बोलायचंय ते मुलींबद्दल, कारण प्रश्न एका मुलीच्या आईने विचारलाय आणि दोन्ही दादांनी एकाही बाईचं नाव घेतलं नाही. मुलींसाठी कॉलेज हा एक रस्ता नव्हता, बरीच वर्षं तोच एकमेव रस्ता होता. कॉलेज संपलं की ऑलिंपिक टीममध्ये जागा मिळाली तर ठीक, नाहीतर नोकरी धरून संध्याकाळी सराव. १ जानेवारी २०२४ ला पीडब्ल्यूएचएल ही बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा कुठे हा धंदा झाला. टेलर हाइझ आमची, मिनेसोटाची. लीगच्या पहिल्या ड्राफ्टमधली पहिली निवड, आणि पहिल्या प्लेऑफची सर्वोत्तम खेळाडू. त्या फायनलचा चौथा सामना मी बघितला. डबल ओव्हरटाइममध्ये आमचा गोल झाला, मुलींनी हातमोजे-हेल्मेट फेकून मिठ्या मारल्या, आणि मग पंचांनी तो गोल रद्द केला. गोलीला अडथळा! थोड्याच वेळात बॉस्टनच्या अलिना म्युलरने गोल केला. घरी रडारड. पाचवा सामना लोवेलला होता, तो आम्ही ३-० जिंकलो आणि कप आणला.

तर ताई, लेकीला सांगा, एरिन फ्रँकेलकडे बघ. नॉर्थईस्टर्नची गोली, आता त्याच लीगमधल्या बॉस्टन फ्लीटची. बुटकी आहे, गोलीमध्ये तर फारच बुटकी. पण काय गुडघे, काय नजर! ती आणि म्युलर नॉर्थईस्टर्नला एकत्रच खेळायच्या.

मेरिमॅककाठ

मीराताई, बरोबर बोललात. फ्लीटचं घर सॉन्गस सेंटरच आहे, त्यामुळे मी फ्रँकेलला हेलेबकच्याच जाळीपुढे उभी राहिलेली बघतो. शिवाय बीनपॉट मुलींचंही असतं, आणि अलीकडे त्याची फायनल गार्डनमध्येच होते. श्रूजबरीच्या ताई, ती अजिबात चुकवू नका.

बाळ्या, क्रॉस्बी-मॅकडेव्हिडबद्दल वाद नाही. तेच तर म्हणतोय, असे खेळाडू कुठूनही येतात. पण आयकेलचा दोष त्याच्यावर नका टाकू. बफेलोची टीमच दुबळी होती. मानेची शस्त्रक्रिया कोणती करायची यावरून क्लबशी बिनसलं, तो व्हेगसला गेला, मानेत कृत्रिम चकती बसवून घेतली, आणि २०२३ मध्ये स्टॅन्ली कप जिंकला. त्या प्लेऑफमध्ये सर्वाधिक पॉइंट त्याचेच, २६. आणि केल मकार तर तुमचाच, कॅल्गरीचा. त्याने मेजर ज्युनिअर सोडून ॲमहर्स्टचं यूमास निवडलं. ड्राफ्टमध्ये चौथा असूनही घाई न करता दोन वर्षं काढली. १३ एप्रिल २०१९, शनिवार, तो कॉलेजची फायनल हरला. सोमवारी कोलोरॅडोकडून प्लेऑफमध्ये पहिला सामना खेळला, समोर कॅल्गरी, आणि गोल केला.

मला खरी काळजी वेगळीच आहे. पूर्वी मेजर ज्युनिअर खेळलेल्या मुलाला एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना व्यावसायिक धरत असे, कॉलेजचं दार बंद. १ ऑगस्ट २०२५ पासून ते उघडलं. गॅव्हिन मॅकेना मेडिसिन हॅटहून पेन स्टेटला आला, त्याची सगळीकडे चर्चा. खेळाचा दर्जा वाढणार, नक्कीच. त्या मुलांवर आधी अन्यायच होत होता, हेही खरं. पण पहिल्या डिव्हिजनमध्ये टीम साठहून थोड्या जास्त. तिथे तीनशे ज्युनिअर सामने खेळून आलेला वीस वर्षांचा तयार गडी मिळत असेल, तर ओडेसाहून आलेल्या अनोळखी मुलाला जागा कोण देणार? मोठ्या कॉलेजांचं ठीक आहे. लोवेलसारख्या जागी, जिथे पाचव्या फेरीतला मुलगा दोन वर्षांत जगातला सर्वोत्तम गोली व्हायच्या वाटेला लागला, तिथल्या कोचनी तरी दोन-तीन जागा अशा मुलांसाठी राखाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

श्रूजबरीची आई

सगळ्यांचे खूप आभार. हे सगळं मुलीला वाचून दाखवलं. नवरा टिम थॉमसच्या नावाने गप्प झाला. आता मुलीचा एक प्रश्न आहे: मोठ्या मॅचमध्ये गोलीकडून चूक झाली तर पुढे त्याला कुणी घेतं का? मागच्या महिन्यात तिच्याकडून एक सोपा गोल गेला, तेव्हापासून तिच्या मनात हेच आहे.

मेरिमॅककाठ

तिला २०१५ ची फायनल सांगा. ज्या गार्डनमध्ये तुम्ही जाणार तिथेच झाली. आयकेलचं बीयू प्रॉव्हिडन्सविरुद्ध ३-२ ने पुढे होतं, तिसरा पीरियड, नऊ मिनिटंही उरली नव्हती. लांबून एक साधा पक आला. बीयूचा गोली मॅट ओ'कॉनर याने तो ग्लोव्हमध्ये पकडला, मग तो हातातून खाली पडला आणि त्याच्याच पायांमधून गोलात गेला. दोनेक मिनिटांत ब्रँडन टानेव्हने विजयी गोल केला. (बाळ्या, टानेव्ह टोरोंटोचाच. ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, प्रॉव्हिडन्सला चार वर्षं काढून एनएचएलमध्ये गेला आणि टिकला.)

ओ'कॉनरला पुढच्याच महिन्यात ओटावाने करारबद्ध केलं. त्या एका गोलाआधी त्याने दोन-अडीच वर्षांत काय काय अडवलं होतं ते स्काउटनी बघितलेलं होतं. ऑक्टोबरमध्ये तो एनएचएलचा सामना खेळला. एकच खेळला, हेही तिला सांगा, तिला खरं तेच ऐकायला आवडेल असं वाटतं.

आणि तिकिटं काढताना मधल्या रांगा नकोत, एका गोलामागच्या घ्या. दर पीरियडला बाजू बदलतात, त्यामुळे एक गोली तिला दोनदा जवळून दिसेल आणि दुसरा एकदा. पक समोरच्या टोकाला असतानाही नजर गोलीवरच ठेवायला सांगा: तो पुढे किती येतो, कधी मागे सरतो, डिफेन्समनला ओरडून काय सांगतो. टीव्हीवर यातलं काहीच दिसत नाही.