थर्मोकेमिस्ट्रीसाठी शिकवणी कशी निवडावी? (फक्त हा एकच धडा अडलाय)

अर्धवट_अभिक्रिया
नमस्कार मंडळी. कॉलेजचं पहिलं वर्ष, बाकी केमिस्ट्री ठीकठाक जमते, मोल-बिल काही अडत नाही, पण थर्मोकेमिस्ट्री (अभिक्रियांमधल्या उष्णतेचा हिशोब) आली की सगळं गंडतं. वाचताना कळल्यासारखं वाटतं आणि गणित घेतलं की आकडा बरोबर, चिन्ह उलटं. उदा. एक मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिड ५० मिली, तेवढंच एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, तापमान ६.८ अंशांनी वाढलं, एन्थाल्पी (स्थिर दाबाला अभिक्रियेत घेतलेली किंवा सुटलेली उष्णता) काढा. माझं उत्तर अधिक ५७ किलोज्यूल प्रति मोल, पुस्तकात वजा ५७. हेसच्या नियमाच्या (अभिक्रियांची बेरीज-वजाबाकी करून एन्थाल्पी काढायच्या) गणितातही तेच रडगाणं.
हवंय काय तर ऑनलाइन, एकट्यासाठी शिकवणी, आठवड्यातून एकच तास. त्याच्या वर पैसेही नाहीत आणि वेळही नाही, कृपया मोठे कोर्स सुचवू नका. परीक्षा महिन्यावर आलीये. ओळखीत एक निवृत्त सर आहेत, शिकवायला तयार आहेत, पण ते फिजिक्सचे. चालतील का?

टॉपरचा_दादा
फिजिक्सवाले सर अजिबात नको. बहिणीला आम्ही पूर्ण वर्षाचा लाइव्ह कोर्स लावला होता, रोज लेक्चर, दर आठवड्याला टेस्ट, डाऊटसाठी वेगळा ग्रुप, सगळं. आता तीच वर्गात बाकीच्यांना शिकवते. स्वस्त नाहीये, पण शिक्षणात कसली काटकसर? एका तासात काय होणार, ट्यूटर "आवाज येतोय का" विचारण्यातच अर्धा तास घालवतो.

अर्धवट_अभिक्रिया
दादा, वर लिहिलंय ना, आठवड्याला एक तास.

टॉपरचा_दादा
वाचलं. तरी सांगतोय.

लॅबवाली_ताई
आकडा बरोबर येतोय म्हणजे तुझं गणित अडलेलं नाही, उष्णता कोणाची मोजतोय हे ठरवायच्या आधीच तू सूत्रात आकडे टाकतोयस. थर्मामीटर द्रावणात आहे. द्रावणाने उष्णता घेतली म्हणून द्रावणाचा क्यू, म्हणजे उष्णता, अधिक, ती दिली अभिक्रियेने म्हणून अभिक्रियेचा वजा. १०० ग्रॅम द्रावण गुणिले ४.१८ (पाण्याची विशिष्ट उष्णता) गुणिले ६.८, झाले साधारण २.८४ किलोज्यूल, भागिले ०.०५ मोल, आले ५७ च्या आसपास, आणि आता लाव वजा. गणिताच्या आधी "कोणी दिली, कोणी घेतली" एवढी एक ओळ लिहायची सवय लाव. मी प्रॅक्टिकल घेते, मुलं सूत्र घडाघडा म्हणतात आणि भांडं गरम झालं म्हणजे उत्तर अधिक, असं ठोकून देतात.
शिकवणीचं म्हणशील तर जो स्वतः कमी बोलतो आणि तुझ्याकडून मोठ्याने गणित सोडवून घेतो, तो घे. पण केमिस्ट्रीचाच घे बाबा, फिजिक्सवाले अभिक्रिया संतुलित करायलाच कंटाळतात.

जुनं_खोड
हा सगळा गोंधळ चिन्हांची पद्धत बदलल्यापासूनचा आहे. आमच्या वेळी डेल्टा यू (आंतरिक ऊर्जेतला बदल) म्हणजे क्यू वजा डब्ल्यू, डब्ल्यू म्हणजे सिस्टिमने केलेलं काम. आता केमिस्ट्रीवाले क्यू अधिक डब्ल्यू लिहितात, डब्ल्यू म्हणजे सिस्टिमवर झालेलं काम. फिजिक्सची कितीतरी पुस्तकं अजून जुन्याच पद्धतीची आहेत. सर तुला एक शिकवतील आणि पेपर तपासणारा दुसरं शोधत बसेल. आणि तेव्हा प्रमाण दाब एक अॅटमॉस्फियर होता, १९८२ मध्ये आयुपॅक या रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेने तो एक बार करून टाकला. चांगलं चाललेलं बघवत नाही लोकांना.

मोल_मोजणी
काका, एक बार आणि एक अॅटमॉस्फियर यात १.३ टक्क्याचा फरक, त्याने याच्या गणितातली एन्थाल्पी जागची हलत नाही. आणि चिन्हाची पद्धत कुठलीही घ्या, उत्तर तेच येतं.

जुनं_खोड
उत्तर तेच येतं हो, मार्क तेच येत नाहीत.

फुकट_ते_पौष्टिक
शिकवणीला पैसे घालवूच नका. खान अकॅडमीवर हा धडा फुकट आहे, ओपनस्टॅक्सचं केमिस्ट्रीचं पुस्तक फुकट आहे, निर्मिती एन्थाल्पीचे (मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनतानाच्या एन्थाल्पीचे) आकडे हवे असतील तर एनआयएसटी या अमेरिकन मानक संस्थेचं वेबबुक फुकट आहे. मी आयुष्यात एक रुपया शिकवणीला दिला नाही आणि काही अडलं नाही.

अर्धवट_अभिक्रिया
व्हिडिओ बघून झालेत. बघताना कळतं, तीच तर तक्रार आहे.

रात्रपाळी
मिनिटावर पैसे कापणाऱ्या साइटपासून लांब राहा. मी घेतलं होतं, ट्यूटर गणित स्वतः सोडवायचा, फोटो पाठवायचा, "समजलं?" आणि मी हो म्हणेपर्यंत मिनिटं संपलेली. वर मला सांगितलं की कुठल्याही मूलद्रव्याची निर्मिती एन्थाल्पी शून्य, डोळे झाकून शून्य लिहायची. प्रश्नात हिरा होता! ग्राफाइटची शून्य, हिऱ्याची अधिक १.९ किलोज्यूल.

टॉपरचा_दादा
१.९ म्हणजे काहीच नाही, शून्यच धरा.

रात्रपाळी
मग ओझोनची पण शून्य धरा की, ती अधिक १४३ च्या जवळ आहे. तोही नुसता ऑक्सिजनच.

जुनं_खोड
नियम असा की मूलद्रव्याच्या सगळ्यात स्थिर रूपाची शून्य.

मोल_मोजणी
फॉस्फरस सोडून. तिथे पांढरा फॉस्फरस शून्य धरतात, स्थिर तर तांबडा जास्त आहे.

जुनं_खोड
हे कोणी ठरवलं?

मोल_मोजणी
पांढरा शुद्ध आणि एकसारखा मिळतो, तांबड्याचे नमुने एकासारखे एक नसतात. आता यावर वेगळा धागा काढा काका, मुलाची परीक्षा आहे.

लॅबवाली_ताई
ट्यूटर पारखायची माझी पद्धत सांगते. पैसे देण्याआधी दहा मिनिटं बोलायला मागायची आणि विचारायचं, मीथेन जाळला तर एका ठिकाणी वजा ८९० लिहिलंय आणि दुसरीकडे वजा ८०२, चूक कोणाची? जो लगेच एकाला चूक ठरवेल त्याला नमस्कार करून बाहेर पडायचं. जो उलट विचारेल "पाणी द्रव धरलंय की वाफ" तो कामाचा. द्रव पाण्याची निर्मिती एन्थाल्पी वजा २८५.८, वाफेची वजा २४१.८, फरक ४४, पाण्याचे मोल दोन, म्हणून ८८. दोन्ही आकडे बरोबर आहेत. हेसच्या गणितात मुलं निम्म्या वेळा इथेच पडतात, अवस्थेचा कंस (द्रव की वायू) वाचतच नाहीत.

टॉपरचा_दादा
बरोबर, अवस्था बघायची असते, कोर्समध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून म्हणतोय कोर्स लाव.

एआय_भक्त
२४ तास मिळणारा ट्यूटर खिशात आहे, चॅटबॉटला विचार. "उत्तर देऊ नकोस, मला एकेक प्रश्न विचार" असं सांगायचं. मी पूर्ण थर्मो असंच केलं.

रात्रपाळी
आणि तो ठामपणे चुकीचं चिन्ह लावतो तेव्हा? ज्याचं चिन्हच कच्चं आहे त्याने ती चूक कशी पकडायची?

एआय_भक्त
माणसंही ठामपणे चुकतात, वरचा हिरा बघा.

बंध_तोडू_नका
सगळं वाचलं, मूळ मुद्दा कोणीच सांगितला नाही. या धड्यातली सगळ्यात मोठी गैरसमजूत म्हणजे बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. उलट आहे! तोडायला ऊर्जा लागते, जुळताना सुटते. हायड्रोजन-हायड्रोजन ४३६, क्लोरीन-क्लोरीन २४३, हे तोडायला ६७९ लागले. हायड्रोजन-क्लोरीनचे दोन बंध झाले, ४३२ दुणे ८६४ सुटले. हिशोब वजा १८५, आणि हे दोन मोलचं, एका मोलला वजा ९२.५, पुस्तकातही वजा ९२.३ आहे. बंध एन्थाल्पीच्या गणितात तुटलेले वजा जुळलेले, आणि निर्मिती एन्थाल्पीच्या गणितात उत्पादितं वजा अभिकारकं. एकाच धड्यात दोन सूत्रं उलटसुलट, पोरांची चिन्हं चुकणार नाहीत तर काय. पाठ न करता हे का उलट आहे ते सांगणारा गुरू मिळाला तर तो फिजिक्सचा असो की संगीताचा.

लॅबवाली_ताई
+१ शेवटचं वाक्य सोडून.

मोल_मोजणी
धाग्याच्या सुरुवातीला चिन्हपद्धतीवरून जे भांडण झालं त्यावर एकच. उघड्या कपात स्थिर दाब, तिथे क्यू म्हणजेच डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल). बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये (उष्णता मोजायच्या बंद, मजबूत भांड्यात) आकारमान बदलत नाही, विस्ताराचं काम शून्य, तिथे क्यू म्हणजे डेल्टा यू. डब्ल्यू अधिक लिहा की वजा, दोन्हीकडे त्याला स्थानच नाही. बॉम्बवरून एन्थाल्पीवर यायचं तर फक्त वायूंच्या मोलमधला फरक गुणिले आर (वायू स्थिरांक) गुणिले टी (तापमान) मिळवायचा. मीथेनला फरक वजा दोन, म्हणजे साधारण वजा पाच किलोज्यूल. फिजिक्सवाल्यांना घाबरायचं कारण काय ते मला अजून कळलेलं नाही, पण मीही केमिस्ट्रीवालाच घे म्हणेन, त्यांना पेपर कसा येतो ते माहीत असतं.

अर्धवट_अभिक्रिया
सगळ्यांचे आभार. केमिस्ट्रीच्या दोन ट्यूटरशी बोललो. एकाने मीथेनवर सरळ "८९० पाठ कर" म्हटलं, दुसऱ्या बाई हुशार होत्या पण आठवड्याला तीन तासांचं पॅकेज घ्यावंच लागेल म्हणाल्या. शेवटी निवृत्त सरांनाच फोन केला. त्यांना ८९० पण माहीत नव्हतं आणि ८०२ पण नाही, त्यांनी आधी विचारलं "जळून झालेलं पाणी कुठल्या अवस्थेत आहे, वाफ असेल तर ती थंड होताना सुटणारी उष्णता तू हिशोबात धरली आहेस का". मग मलाच कार्बन मोनॉक्साइडचं गणित करायला लावलं, ज्याची निर्मिती थेट मोजता येत नाही कारण जाळताना थोडा डायऑक्साइड होतोच. कार्बन पूर्ण जळण्याच्या वजा ३९३.५ मधून कार्बन मोनॉक्साइड जळण्याचे वजा २८३ काढायचे होते, पहिल्यांदा मी वजा ६७६.५ आणले, ते नुसते "उलटी फिरवलेली अभिक्रिया कुठली?" म्हणाले आणि मग माझं मीच वजा ११०.५ आणलं. त्यांच्याकडेच जातोय, आठवड्याला एक तास.

टॉपरचा_दादा
परीक्षेनंतर इथेच येऊन रडशील.

जुनं_खोड
सरांना विचार ते कुठली चिन्हपद्धत वापरतात आणि इथे कळव.

लॅबवाली_ताई
बरं, जा. अभिक्रिया मात्र तू स्वतः संतुलित करून न्यायच्या, आणि अवस्था लिहून.

नवा_सभासद
उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचलेले नाहीत. फिजिक्सवाल्यांकडे जाऊ नका एवढंच सांगतो. पूर्ण वर्षाचा एक चांगला कोर्स माहितीत आहे, रोज दोन तास, हवा असल्यास व्यनि (खाजगी निरोप) करा.