पाळण्यातील अंथरूण देखणे हवे आणि सुरक्षितही: आईने शिवलेल्या वाकळीचे काय करावे?

प्रश्न | शेवंतीचे अंगण (दारव्हा तालुका)

नमस्कार. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून दिवाळीच्या सुमारास घरात बाळ येईल. आजोबांच्या वेळचा सागवानी पाळणा आम्ही माळ्यावरून खाली काढला आहे. आईने तीन जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून तिच्या काठाला लोकरीचे गोंडे आणि मधोमध छोटे आरसे लावले आहेत; भावाने मोबाईलवर उशी, दोन लोड आणि पाळण्याला आतून चारही बाजूंनी बांधायची जाड कापसाची झालर असा संच पसंत केला आहे. दोन्ही गोष्टी इतक्या देखण्या आहेत की नाही म्हणवत नाही. परंतु बाळाजवळ मऊ काही ठेवू नका, असे दवाखान्यातील परिचारिकेने सांगितल्यापासून माझ्या मनाला घोर लागला आहे. मग पाळणा उघडाबोडका ठेवायचा का?

उत्तर १ | आशा स्वयंसेविका, पुसद

ताई, परिचारिकेचे म्हणणे अगदी योग्य आहे. प्रसूती दवाखान्यात झाली तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आम्ही बाळाला घरी जाऊन पाहतो, आणि झोपलेल्या बाळाच्या नाकाशी आलेली दुपट्याची घडी मी कितीतरी घरांत बाजूला केली आहे. तान्ह्या बाळाला तोंडावर आलेले कापड हाताने दूर सारता येत नाही आणि मऊ उशीत नाक रुतले तर मानही सोडवून घेता येत नाही. म्हणून पहिले वर्षभर पाळण्यात घट्ट, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली सुती चादर आणि पाठीवर निजवलेले बाळ, एवढेच असावे. झालर मागवूच नका; अमेरिकेत तर २०२२ साली कायदा करून अशा गादीदार झालरींवर बंदी घालण्यात आली.

थंडीची काळजी वाटेल, तेव्हा पांघरुणाऐवजी झबल्यावर आणखी एक झबले घालावे. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. मानेमागे किंवा पोटावर हात ठेवून पाहावे आणि तेथे घाम असेल तर एक कपडा कमी करावा. बाळ कमी वजनाचे असेल, तर ऊब कशी द्यायची हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

उत्तर २ | सुतारकाम व शिवणकाम, आर्वी

जुन्या पाळण्याबद्दल लिहितो. दोन गजांमधील अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर मधे आणखी गज बसवून घ्यावेत, नाहीतर बाळाचे अंग त्यातून सरकून डोके अडकू शकते. गादी आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक फट राहू नये. आपल्याकडे घरच्या कापसाची गादी भरून घेण्याची हौस असते, पण ती महिन्याभरात मधोमध दबून खळगा पडतो. त्यापेक्षा काथ्याची कडक गादी मापाप्रमाणे कापून घ्यावी. तळहाताने दाबून हात उचलल्यावर ठसा राहिला, तर ती गादी बाळासाठी नाही.

सौंदर्याची हौस चादरीवर भागवावी. गादी १०० बाय ५५ सेंटीमीटर आणि ८ सेंटीमीटर जाड असेल, तर कापड १३२ बाय ८७ घ्यावे, म्हणजे चारही बाजूंनी ८ सेंटीमीटर खाली दुमडून रबर ओवता येते. शिवणीसाठी थोडे अधिक ठेवावे. कोरे सुती कापड आटते, म्हणून आधी धुऊन मगच कापावे. छापील रंगीत कापड हवे तितके सुंदर निवडा. मणी, टिकल्या, लोंबणारी नाडी मात्र नको.

उत्तर ३ | नातवंडांची आजी, चिखली

बाई, आईची वाकळ नाकारू नका. तिने डोळ्यांना ताण देऊन घातलेला एकेक टाका मला इथूनही दिसतो. ती पाळण्याजवळच्या भिंतीवर, बाळाचा हात पोहोचणार नाही इतकी लांब टांगा. आरसे आणि गोंडे काढून टाकले, तर बाळ जागे असताना कोणी समोर बसून तिच्यावर त्याला पालथे खेळवताही येईल. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी आम्ही सगळ्यांनीच वापरली. आता माझी सून झोपेच्या वेळी डोक्याची बाजू आळीपाळीने बदलते, आणि नातवाचे डोके छान गोल आहे. झोळीत मात्र बाळाला निजवून निघून जाऊ नका, कारण तिच्यात हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो.

पुन्हा | शेवंतीचे अंगण

आजी, तुमचे उत्तर आईला वाचून दाखवले. तिने स्वतः कात्री घेऊन आरसे उसवायला घेतले आहेत. गज मोजले; अंतर ७ सेंटीमीटर भरले, म्हणून उद्या सुताराला बोलावले आहे.