शेवटचं हिमयुग संपवलं कोणी: उन्हानं की कार्बननं?

उन्हाळी६५: सुमारे २१,००० वर्षांपूर्वी कॅनडा आणि स्कँडिनेव्हिया बर्फाखाली होते, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली. पृथ्वीचा कल आणि कक्षा बदलत गेली, ६५ अंश उत्तरेला उन्हाळ्यातलं ऊन वाढलं, बर्फ वितळला. सर्बियन शास्त्रज्ञ मिलान्कोविचच्या या गणिताला हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी १९७६ साली समुद्रतळाच्या गाळातून पुरावा दिला. कार्बन डायऑक्साइडला उगाच मध्ये ओढतात. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक इथल्या जुन्या बर्फात तापमान आधी वाढलंय, वायू ८०० वर्षांनी.

दक्षिणवारा: ती ८०० वर्षं सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगाअखेरची आहेत, शेवटच्या नव्हेत! शिवाय वरचा भुसभुशीत बर्फ दाबला जाईपर्यंत त्यात हवा खेळत राहते, म्हणून बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयानं लहान असते. हे वय नव्यानं मोजल्यावर २०१३ साली दिसलं की शेवटच्या खेपेला अंटार्क्टिकाचं तापमान आणि वायू जवळपास बरोबरीनं वाढले. आता सांगा, ऊन वाढलं उत्तरेला, मग न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियातल्या हिमनद्या त्याच सुमारास का मागे हटल्या?

उन्हाळी६५: समुद्रप्रवाहांमुळे. वितळलेलं गोडं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये आलं, उष्णता उत्तरेकडे नेणारा तिथला प्रवाह मंदावला, उष्णता दक्षिणेत साचली. वायू कशाला हवा?

दक्षिणवारा: या खिशातले पैसे त्या खिशात घातले म्हणून कोणी श्रीमंत होत नाही. अख्ख्या पृथ्वीची सरासरी पाचेक अंशांनी वाढली, ती कशी? काही वाटा पांढरा बर्फ कमी झाल्याचा, हे मान्य. पण त्याच काळात दक्षिण महासागरानं साठवलेला वायू सोडला आणि हवेतलं प्रमाण १९० वरून २६० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) पुढे गेलं. तो हिशेब कुठे धरलात?

गाळकरी: दोघंही बर्फाला विसरताय. उत्तरेचं उन्हाळी ऊन साधारण दर २३,००० वर्षांनी वाढतं, तरी गेल्या आठ-नऊ लाख वर्षांत हिमयुगं लाखभर वर्षांनीच संपलीत. बर्फ अवाढव्य झाला की त्याच्या भारानं खालचा खडक खचतो, माथा खालच्या उबदार हवेत येतो. मग माफक ऊनही पुरतं. कॅनडातल्या हडसन उपसागराभोवतीची जमीन त्या ओझ्यातून सुटून अजून वर येतेय.

उन्हाळी६५: म्हणजे शेवटी ऊनच!

दक्षिणवारा: सुरुवातीला ऊन, यावर वाद कुणाचाय? पण १२,९०० वर्षांपूर्वी उत्तरेत पुन्हा थंडी पडली आणि हजारभर वर्षं टिकली. तेव्हा तुमचं उन्हाळी ऊन वाढतच होतं की.